दहा बाय बाराच्या खोलीतलं थिएटर

पुण्यातल्या थ्री बीएचकेमधली तिसरी बेडरूम बहुधा दहा बाय अकरा किंवा दहा बाय बारा फुटांची असते आणि उंची साडेनऊच्या आसपास. पाहुणे वर्षातून चार दिवस येतात, एरवी तिथल्या ट्रेडमिलवर टॉवेल वाळतात. हा लेख त्या खोलीसाठी आहे: प्रोजेक्टर, पाच स्पीकर, एक सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर) आणि तीन-चार माणसं बसतील अशी एकच रांग. दोन रांगा आणि चौथरा हा बेत या मापात बसत नाही. मागच्या रांगेचं डोकं भिंतीला टेकतं आणि पुढच्या रांगेची मान आखडते.

आधी कान कुठे येणार ते ठरवा

दुकानात जाण्यापूर्वी खोलीत जमिनीवर मास्किंग टेपने सोफ्याची जागा आखून घ्या. पडदा, स्पीकर, प्रोजेक्टर, पॅनेल, सगळं बसणाऱ्याच्या कानापासून मोजायचं असतं. सोफा नंतर सरकवला की आधीची सगळी मापं वाया जातात.

सोफा मागच्या भिंतीला चिकटवायची आपल्याला सवय आहे. थिएटरमध्ये ती मोडावी लागते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खर्जाच्या लाटा अडकून घुमतात. कोणत्या कंपनसंख्येला घुमतील ते काढायला ५६५ ला त्या दोन भिंतींमधल्या फुटांनी भागायचं. बारा फुटांना ४७ हर्ट्झ, दहा फुटांना साधारण ५६, साडेनऊ फूट उंचीला ५९ ते ६०. ही लाट भिंतीपाशी सगळ्यात जोरदार असते आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे मागच्या भिंतीला टेकून बसलेल्याला प्रत्येक स्फोट नुसता ढूंऽऽ करत घुमताना ऐकू येतो, तर सहा फुटांवर मधोमध बसलेल्याला तोच स्फोट पोकळ वाटतो. बारा फुटांच्या खोलीत पडद्याच्या भिंतीपासून साडेसात फुटांवर कान आले तर दोन्ही टोकं टळतात आणि मागे साडेचार फूट उरतात. तेवढी जागा वाया गेली असं घरच्यांना वाटेल. ती वाया गेलेली नाही.

रुंदीचा हिशोब तितका सोडवता येत नाही. तीन जणांच्या सोफ्यात मधला माणूस रुंदीच्या मध्यावर बसणार, त्याला ५६ हर्ट्झ कमी आणि कडेच्यांना जास्त ऐकू येणार. हे मान्य करायचं. खोली दहा बाय दहाची चौरस असेल तर मात्र लांबी-रुंदीच्या दोन्ही लाटा एकाच ५६ वर येतात आणि खर्ज फारच बेढब होतो. तिथे एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन लहान घ्या. एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. ही जोडी त्या दोन्ही लाटांना फारसं उठूच देत नाही.

पडदा शक्यतो दहा फुटांच्या भिंतीवर. खिडकी त्याच भिंतीत असेल तर उलट बरंच: पडद्याच्या मागे खिडकी कायमची झाकली जाते, उजेड आणि आवाज दोन्हींचा बंदोबस्त एका जागी होतो. फक्त पावसाळ्यात स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पाणी साचतं तेव्हा हात घालता यावा, म्हणून पडद्याची फ्रेम खुंट्यांवर अडकवलेली आणि उचलून काढता येणारी ठेवा.

पडदा केवढा

या अंतराला ९२ इंची पडदा ही वरची मर्यादा. सोळा बाय नऊच्या प्रमाणात त्याची रुंदी ८० इंच आणि उंची ४५ इंच. साडेसात-आठ फुटांवरून तो डोळ्यांना ४५ ते ४८ अंशांत दिसतो, म्हणजे मल्टिप्लेक्समधल्या पुढच्या-मधल्या रांगांसारखा. मान वळवून बघणं नकोसं वाटत असेल तर ८४ इंची घ्या (रुंदी ७३, उंची ४१). शंभर इंच हा आकडा कानाला छान वाटतो, पण ८७ इंचांचा पडदा लावून दहा फुटांच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना सोळा-सोळा इंच उरतात. त्यात स्पीकर कोपऱ्यात कोंबले जातात आणि आवाज बिघडतो.

पडद्याची खालची कड जमिनीपासून ३० इंचांवर ठेवली तर वरची ७५ वर येते आणि सोफ्यावर बसलेल्याची नजर, साधारण ४० ते ४२ इंचांवर, पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात पडते. टीव्ही लावणारे लोक सवयीने पडदाही उंच लावतात. त्यांना टेप दाखवून थांबवा.

गुंडाळणारा पडदा टाळा. ताण देणाऱ्या दोऱ्या नसलेल्या गुंडाळ पडद्याला काही महिन्यांत उभ्या लाटा पडतात आणि कॅमेरा आडवा फिरला की त्या लाटा चित्रातून पोहत जाताना दिसतात. फिक्स्ड फ्रेम सुट्या भागांत येते, त्यामुळे लिफ्टचा प्रश्न नसतो. ८५ इंची टीव्हीच्या खोक्याचं मात्र लिफ्टचं दार मोजल्याशिवाय नाव काढू नये. रंग साधा मॅट पांढरा, गेन (पडदा उजेड किती परतवतो त्याचं माप) १. उजेड परतवणारे महागडे करडे पडदे दिवाणखान्यासाठी असतात. अंधाऱ्या खोलीत त्यांचा उपयोग नाही, मधला भाग मात्र जास्त उजळ दिसतो.

भिंतीलाच पांढरा मॅट रंग लावून काम भागतं का? भागतं, भिंत सपाट असेल तर. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवा आणि प्रकाश भिंतीवरून सरपटत जाऊ द्या. जिप्सम प्लास्टरमधले सगळे उंचवटे लगेच दिसतात. नुसते बारीक कण दिसले तर पुट्टी आणि घासकाम पुरे. लांबट ढेकळं दिसली तर फ्रेमच घ्या. रंगवलेल्या पडद्याभोवती तीन इंच रुंद काळ्या मखमलीची पट्टी लावली की चित्राची कड सुरीने कापल्यासारखी दिसते.

अंधार

९२ इंची पडद्याचं क्षेत्रफळ २५ चौरस फूट. चित्रपटगृहाचं प्रमाण पडद्याच्या एका चौरस फुटाला सुमारे १६ ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप). म्हणजे आपल्याला ४०० ल्युमेन खरोखर पडद्यावर पोचले तरी पुरतात. चित्राचा मोड नीट लावल्यावर बहुतेक बऱ्या प्रोजेक्टरांतून याहून जास्त निघतात. तेव्हा ल्युमेनच्या शर्यतीत पडू नका. स्वस्त चिनी डब्यांवर छापलेले ‘९००० ल्युमेन’ तर सरळ सोडून द्या. ‘अॅन्सी ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ असं लिहिलेला आकडाच धरायचा.

पैसा अंधारावर लावा. पांढरं छत आणि फिकट भिंती पडद्याचा उजेड परत पडद्यावर फेकतात आणि काळ्या जागा करड्या होतात. पडद्यापासून निदान चार फूट, दोन्ही बाजूंच्या भिंती आणि छत, गडद मॅट रंगाने रंगवा. ‘शीन’ किंवा ‘सॅटिन’ फिनिश चालणार नाही, ते चमकतं. भाड्याच्या घरात रंग नको असेल तर तेवढ्या भागात पडद्याच्या रॉडवर काळं कापड सोडा. रोलर ब्लाइंडच्या दोन्ही कडांतून उजेडाच्या रेघा येतात, म्हणून ब्लाइंड बाजूच्या खाचेत सरकणारा घ्या. अॅम्प्लिफायर, राउटर, एक्स्टेन्शन बोर्ड यांचे चिमुकले निळे दिवे काळ्या इन्शुलेशन टेपने झाका.

प्रोजेक्टर कुठे टांगायचा

प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ लिहिलेला असतो. पडद्याच्या रुंदीला त्याने गुणलं की लेन्सपासूनचं अंतर मिळतं. ८० इंच रुंदीला १.२ म्हणजे आठ फूट, १.४ म्हणजे नऊ फूट चार इंच, १.५ म्हणजे दहा फूट. आठ फुटांवर तो थेट आपल्या टाळूवर येतो, त्याचा पंखा आणि गरम हवा दोन्ही जाणवतात. १.४ ते १.५ वाला घेऊन सोफ्याच्या दोन-अडीच फूट मागे न्यावा. डब्याची लांबी आणि मागे केबल वळायला सहा ते आठ इंच वेगळे धरा.

लोक सगळ्यात जास्त इथे फसतात: उंची. लेन्स शिफ्ट (डबा न हलवता लेन्सने चित्र वर-खाली सरकवायची सोय) नसलेल्या प्रोजेक्टरचा झोत सरळ पुढे जात नाही, तो ठरावीक टक्के वर चढतो. उलटा टांगला की तितकाच खाली उतरतो. समजा ऑफसेट १५ टक्के आहे. ४५ इंच उंचीच्या पडद्याला तो सात इंच झाला. पडद्याची वरची कड ७५ वर, म्हणजे लेन्स ८२ इंचांवर, आणि छत ११४ इंचांवर! प्रोजेक्टर दोन-अडीच फूट खाली लोंबकळणार. हा पाइप आधी मागवलेला नसतो, मग कारागीर प्रोजेक्टर छताला चिकटवून तिरका करतो आणि कीस्टोनने चित्र चौकोनी करून देतो. कीस्टोन म्हणजे चित्रातले ठिपके फेकून देऊन उरलेल्यांत चित्र बसवणं. अक्षरांच्या कडा बोथट होतात. लांब पाइप लावा किंवा उभा लेन्स शिफ्ट असलेलं मॉडेल घ्या.

लेन्स शिफ्टवाला छताजवळ नेला की दुसरी अडचण उभी राहते: पंखा. खोलीच्या मधोमध, छताखाली फूटभर आलेली पाती झोताच्या वरच्या कडेला लागतात आणि चित्रावर लुकलुकती सावली पडते. एसी असेल तर पंखा उतरवून ठेवा, हुक राहू द्या.

स्लॅबला भोक पाडताना बिल्डरकडून दोन गोष्टी विचारून घ्या. मिवान पद्धतीच्या इमारतीत भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि विजेचे पाइप स्लॅबच्या आत गाडलेले असतात. पंखा आणि दिव्याच्या पॉइंटला जोडणाऱ्या रेषेत ड्रिल मारायचं नाही. स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला, असेल तर केबल कुठून गेल्यात ते नकाशात पाहिल्याशिवाय ड्रिलच नाही. बाकी ठिकाणी हॅमर ड्रिल आणि आठ मिलिमीटरचे चार धातूचे अँकर तीन-चार किलोच्या प्रोजेक्टरला पुरून उरतात. फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डला काहीही टांगू नये, आट्याचा रॉड वरच्या स्लॅबमधूनच आणायचा.

स्पीकर

साडेसात फुटांवरच्या कानापासून समोरचे दोन स्पीकर मध्यरेषेच्या प्रत्येकी २२ ते ३० अंशांत हवेत. आपल्या खोलीत ते मध्यापासून ४५ ते ५० इंचांवर, म्हणजे पडद्याच्या कडेला लागून बसतात. उच्च स्वराचा छोटा ट्विटर कानाच्या उंचीला, ३८ ते ४२ इंचांवर. मधला स्पीकर पडद्याखाली येतो, त्याला पुढून रबराचं पाचर देऊन तोंड वर, कानाकडे करा. संवाद कळत नाहीत ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते: स्पीकर कपाटाच्या फळीवर आत सरकवलेला, तोंड गुडघ्यांकडे आणि मध्ये काचेचं टीपॉय. स्पीकर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा, टीपॉय खोलीबाहेर काढा.

उरलेले दोन, सराउंड, दोन्ही बाजूंना कानाच्या थोडे मागे, ११० ते १२० अंशांत, कानाच्या उंचीला किंवा फूटभर वर. कडेला बसणाऱ्याच्या कानाशी स्पीकर दोन फुटांवर येणार असेल तर जरा जास्त वर चढवा. डॉल्बी अॅटमॉससाठी (डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत) दोन वरचे स्पीकर लावायचे तर छोटे बुकशेल्फ स्लॅबला ब्रॅकेटने, डोक्याच्या किंचित पुढे. छताकडे तोंड करून आवाज परतवणाऱ्या स्पीकरांच्या वाटेत छताला लावायचं आवाज शोषणारं पॅनेल येतं, म्हणून ते इथे नकोत.

दर चॅनेलला, म्हणजे दर स्पीकरला, ७० ते ८० वॉटचा रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर) आणि आठ किंवा दहा इंची सबवूफर या खोलीला भरपूर. फ्लॅटमध्ये आपण सिनेमागृहाच्या पातळीच्या १५ ते २० डेसिबल खालीच ऐकतो.

शेजारी

आवाज बाहेर जाऊ न देणं आणि खोलीतला आवाज सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला वजन लागतं आणि फटी हवाबंद कराव्या लागतात, दुसऱ्याला मऊ आणि सच्छिद्र वस्तू. भिंतीला फोमचे पिरॅमिड किंवा अंड्यांचे ट्रे लावून शेजाऱ्याला काही फरक पडत नाही. पीयू फोम तर पेटला तर विषारी धूर सोडतो, बंद खोलीत तो नकोच.

सगळ्यात गळकी जागा म्हणजे दार. सात बाय तीनच्या दाराखाली चार सूत, म्हणजे अर्धा इंच फट असली की ती दाराच्या क्षेत्रफळाच्या फक्त ०.६ टक्के होते. पण तेवढ्या फटीमुळे दार कितीही भारी असलं तरी आवाज साधारण २२ डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. म्हणून आधी फटी, मग दार. चौकटीच्या तिन्ही बाजूंना पोकळ रबरी गॅस्केट, दाराखाली आपोआप खाली उतरणारं ड्रॉप सील, ते न मिळाल्यास उंबरा बसवून त्याला रबर. दार पोकळ असेल तर बदलून भरीव फ्लश डोअर लावा, ३५ मिलिमीटर किंवा जास्त. गॅस्केट बसल्यावर दार ढकलून लावावं लागलं पाहिजे. सहज लागत असेल तर रबर दबत नाहीये. चौकटीत कागद धरून दार लावा आणि ओढून पाहा. कागद सुळकन निघाला ती जागा गळकी.

स्लायडिंग खिडकी तिच्या ब्रशपट्टीतून आवाज सोडतेच. तिला आतून एक भरीव फळा करा: १९ मिलिमीटर प्लाय, चारी कडांना रबर आणि मागे ग्लासवूल, दोन मोठ्या कड्या लावून चौकटीत दाबून बसणारा. काच आणि फळा यांत तीन-चार इंच हवा राहिली पाहिजे. प्लाय आयएस ७१० चा घ्या, कारण पश्चिमेच्या खिडकीला पुण्याचा पाऊस आडवा झोडपतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लाय, पाइनच्या पट्ट्या आणि कापून देण्याची सोय एकाच फेरीत होते.

सबवूफरखाली १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा आणि त्याखाली दाट रबराचे चार ठोकळे ठेवा. फरशीतून खालच्या घरात जाणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा खर्ज मात्र थांबत नाही, तो थांबवायला खोलीत दुसरी खोली बांधावी लागते आणि दहा बाय बाराची नऊ बाय अकरा होते. माझ्या मते फ्लॅटमध्ये तो खटाटोप करू नये. कायद्याने निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड लावा, म्हणजे कुजबुज वर येते आणि स्फोट खाली बसतो.

पॅनेल

साडेनऊ फूट उंचीच्या या खोलीत ११४० घनफूट हवा आहे. आवाज ०.३५ सेकंदात ६० डेसिबलने विरायला सुमारे १६० चौरस फूट पूर्ण शोषण लागतं. दाट गालिचा, जाड पडदे, कापडी सोफा आणि माणसं मिळून त्यातलं निम्मं देतात. उरलेल्यासाठी चार बाय दोन फुटांची आठ ते दहा पॅनेल. याहून जास्त लावून अख्ख्या भिंती मढवल्या की वरचे सूर मरतात, खर्ज तसाच राहतो आणि खोली गोधडीत तोंड खुपसल्यासारखी वाटते.

पॅनेल घरी होतं. एकाला पाऊण इंच जाड आणि तीन इंच रुंद पाइनची पट्टी: चार फुटांच्या दोन, साडेबावीस इंचांच्या तीन (एक मधला आधार), म्हणजे सुमारे चौदा फूट लांबी. चौकटीत ५० मिलिमीटर जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं ग्लासवूल किंवा रॉकवूल. रोलमधलं हलकं छताचं वूल घेऊ नका, ते उभं केलं की महिन्याभरात खाली बसतं. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. वूल चौकटीच्या पुढच्या कडेला ठेवून आधी पातळ नॉन-वोव्हन कापडात गुंडाळा, म्हणजे तंतू बाहेर येत नाहीत, मग वरचं कापड. कापडाची परीक्षा सोपी: तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडच्या हाताला हवा लागली तर चालेल. खादी, केसमेंट, तागाचं कापड चालतं. रेक्झिन किंवा मागे रबर चढवलेलं सोफ्याचं कापड नाही. ४४ इंच पन्ह्याचं दीड मीटर कापड एका पॅनेलला पुरतं. स्टेपल मारताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात, कोपरे शेवटी. उलट केलंत तर मधोमध पोट सुटतं.

मागे चौकटीत एक इंच आणि भिंतीपासून आणखी एक इंच, अशी दोन इंच पोकळी ठेवून टांगा. पंचेचाळीस अंशांत चिरलेली पट्टी, अर्धी भिंतीला आणि अर्धी पॅनेलला, हा टांगायला उत्तम हुक; पाच किलोचं पॅनेल हाताने उचलून काढता येतं. जागा आरशाने शोधायच्या. एकाने सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने आरसा बाजूच्या भिंतीवर सरकवत न्यायचा. जिथे आरशात समोरचा स्पीकर दिसतो तिथे पॅनेलचा मध्य. प्रत्येक बाजूला दोन, मागच्या भिंतीला दोन, वर छताला दोन.

हे सगळं मधल्या आणि वरच्या सुरांचं काम करतं. ५६ हर्ट्झची लाट वीस फूट लांब असते, दोन इंचांचं वूल तिला दिसतही नाही. त्यासाठी मागच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत त्याच वुलाचे त्रिकोणी तुकडे, पुढची बाजू दोन फुटांची, एकावर एक रचा. तेही फक्त घुमणं आटोक्यात आणतात. खरा इलाज सोफा आणि सबवूफरची जागा.

पॅनेल लावण्याआधी बाहेरच्या भिंतीची ओल तपासा. दोन बाय दोन फूट प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून दव दिसलं तर आधी बाहेरचं वॉटरप्रूफिंग, मग थिएटर. ओल्या भिंतीवर झाकलेल्या पॅनेलमागे श्रावणापर्यंत बुरशी येते आणि ओलं वूल काही शोषत नाही.

वायरी आणि वीज

स्पीकरला दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर पुरते. दहा मीटरच्या पुढे अडीचची. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, ‘स्पीकर वायर’ म्हणून जे रीळ समोर येतं ते तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम आहे का ते तिथेच पाहा: एक तार पात्याने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ठेवून द्या.

एचडीएमआयचा मार्ग पडद्याखालच्या रिसीव्हरपासून भिंतीने वर, छताने मागे: आठ-नऊ मीटर होतातच. एवढ्या लांबीला साधी तांब्याची केबल फोर-के एचडीआरला दगा देते. चित्र मधूनच काळं पडतं किंवा ठिणग्यांसारखे ठिपके दिसतात. ऑप्टिकल फायबर एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक रिसीव्हरकडे. उलटी गाडली तर चित्रच येत नाही, म्हणून पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून दोन तास चालवून पाहा. पाइप ४० मिलिमीटरचा, वळणं मोठी. २५ च्या पाइपातून प्लग जात नाही. आत एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून ठेवा. मिवानच्या काँक्रीट भिंती कापू नका, वरून पट्टी लावून काळी रंगवा.

रिसीव्हर, सबवूफर आणि प्रोजेक्टर एकाच सर्किटवर आणि चांगल्या अर्थिंगवर हवेत. सबवूफरमधून बारीक हम्म येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल उपटून पाहा, हम्म थांबला तर दोष त्या केबलच्या अर्थिंगचा. अर्थची पिन काढून हम्म घालवणारा वायरमन दारातूनच परत पाठवा. वळवाच्या दिवसांत विजा पडतात तेव्हा सर्ज प्रोटेक्टर उपयोगी येतो, तोही अर्थिंग धड असेल तरच. दिव्यावर चालणाऱ्या प्रोजेक्टरला १ केव्हीएचा यूपीएस द्या. वीज अचानक गेली की गरम दिव्याचा पंखा बंद पडतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. यूपीएसवर सबवूफर लावू नका.

फटी बुजवलेल्या खोलीत प्रोजेक्टर, रिसीव्हर आणि चार माणसं मिळून आठ-नऊशे वॉट उष्णता सोडतात. एक टनाचा इन्व्हर्टर एसी तिला पुरतो. त्याचा झोत पडद्यावर किंवा प्रोजेक्टरवर येऊ देऊ नका, आणि हवा बदलायला मध्यंतरात दार उघडा, एसी ताजी हवा आणत नाही.

लावल्यानंतर

सबवूफरची जागा उलट्या पद्धतीने शोधतात. सबवूफर सोफ्यावर, कानाच्या जागी ठेवा, संथ खर्जाचं गाणं लावा आणि पुढच्या भिंतीकडेला रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि स्वच्छ ऐकू येतो, एकही फुगत नाही, ती त्याची जागा.

रिसीव्हरसोबत येणारा, स्पीकरांचा आवाज मोजून त्यांची सेटिंग ठरवणारा माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर ठेवला तर पाठीवरून परतलेला आवाज मोजला जातो. मोजताना एसी बंद, घरातले सगळे बाहेर, लिफ्ट चालू असेल तर थांबा. झाल्यावर सेटिंग उघडून पाहा: यंत्राने समोरचे स्पीकर ‘लार्ज’ ठरवले असतील तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झ. प्रोजेक्टरमधला मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद, चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर. प्रोजेक्टरमधल्या अॅप्सऐवजी वेगळी स्ट्रीमिंग स्टिक रिसीव्हरला लावा. आतल्या अॅप्समधून पाच चॅनेलचा आवाज बाहेर येईलच असं नाही.

मग खडखड शोधायची. फोनवरून २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर सोडा आणि दिवे लावून खोलीत फिरा. कुठल्यातरी आकड्याला पडद्याच्या रॉडची रिंग वाजेल, पुढे दाराची कडी, स्विचबोर्डची सैल प्लेट, एसीचं पुढचं झाकण, फॉल्स सीलिंगमधल्या दिव्याची स्प्रिंग. ज्या वस्तूवर बोट ठेवलं की आवाज थांबतो, तिथे फेल्टची चकती किंवा दुतोंडी फोम टेप. दर वेळी एक बंद केली की दुसरी ऐकू येऊ लागते, तेव्हा सूर पुन्हा पहिल्यापासून लावा. प्रोजेक्टरची जाळी, असेल तर, आसपास बांधकाम चालू असताना महिन्याला आणि एरवी तीन महिन्यांनी ब्रशने झाडायची. धूळ बसली की पंखा ओरडू लागतो आणि उजेड कमी होतो. सप्टेंबरात पाऊस उतरला की बाहेरच्या भिंतीवरची पॅनेल उतरवून मागून हात फिरवा आणि खिडकीचा फळा उन्हात ठेवा.